एकही चेंडू न टाकता वाढलेली मतं

१९९८ साली बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमच्या निवडीत बर्ट ब्लायलेवनला १७.५ टक्के मतं पडली. २०११ साली पडली ७९.७ टक्के. मधल्या तेरा वर्षांत त्याने एकही चेंडू टाकला नव्हता. १९९२ सालीच तो थांबला होता आणि मिनेसोटा ट्विन्सच्या सामन्यांचं टीव्हीवर समालोचन करत होता. कारकिर्दीचे आकडे होते तसेच होते. मतं मात्र साडेचार पटीने वाढली.

हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या सन्मान-दालनात, कोण असावं आणि कोण नसावं, हा अमेरिकेत दर हिवाळ्यात रंगणारा वाद आहे. क्रिकेट संपल्यावर आपण निवड समितीच्या नावाने बोटं मोडतो, तसाच. पण या वादात मतदारांचं मन नेमकं कशाने बदलतं हे पाहायचं असेल, तर ब्लायलेवनइतकं स्वच्छ प्रकरण दुसरं नाही. उत्तेजक द्रव्यांचा संशय नाही, पीट रोझसारखी सट्टेबाजी नाही. प्रश्न एवढाच होता: हा पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा, मोठा होता की नुसताच चिवट?

आधी दरवाजा कसा आहे ते पाहू. हॉल न्यूयॉर्क राज्यातल्या कूपरस्टाउन या छोट्या गावात आहे. पहिली निवड १९३६ सालची, त्यात बेब रूथ, टाय कॉब, होनस वॅग्नर, क्रिस्टी मॅथ्यूसन आणि वॉल्टर जॉन्सन हे पाच जण आले. मतदार म्हणजे बेसबॉल लेखक संघटनेचे क्रीडा पत्रकार, आणि त्यांचं सदस्यत्व सलग किमान दहा वर्षांचं हवं. खेळाडू दहा हंगाम खेळलेला आणि निवृत्त होऊन पाच वर्षं झालेला असावा. एका मतपत्रिकेवर जास्तीत जास्त दहा नावं. ७५ टक्के मिळाले तर आत, ५ टक्क्यांच्या खाली गेलात तर यादीतूनच बाहेर. या दोन्हींच्या मध्ये अडकलेल्याचं नाव तेव्हा पंधरा वर्षं यादीत राहत असे. निकष म्हणून नियमात खेळातलं कौशल्य, सचोटी, खिलाडूवृत्ती, चारित्र्य आणि संघाला दिलेलं योगदान असे शब्द आहेत. किती विजय, किती धावा, असा आकडा कुठेही लिहिलेला नाही. वादाला एवढी मोकळी जागा पुरेशी आहे.

ब्लायलेवनचा जन्म १९५१ साली नेदरलँड्समधल्या झाइस्टचा. कुटुंब आधी कॅनडात आणि मग दक्षिण कॅलिफोर्नियात गार्डन ग्रोव्हला आलं. जून १९७० मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, तो ट्विन्सकडून पहिला सामना खेळला आणि समोर आलेल्या पहिल्याच बॅटरने त्याला होम रन ठोकला. तो सामना त्याने तरीही २-१ असा जिंकला. पुढची कारकीर्द जणू याच सामन्यात घडी घालून ठेवलेली होती. शेवटचा हिशेब असा: २२ हंगाम, २८७ विजय, २५० पराभव, ३,७०१ स्ट्राइकआउट, ६० शटआउट. निवृत्तीच्या वेळी स्ट्राइकआउटमध्ये, म्हणजे बॅटरला तीन स्ट्राइकवर बाद करण्यात, त्याच्या पुढे फक्त नोलन रायन आणि स्टीव्ह कार्लटन होते. शटआउट म्हणजे समोरच्या संघाला शून्यावर ठेवून एकट्याने पूर्ण केलेला सामना. त्या यादीत तो इतिहासात नववा आहे आणि वरचे आठही जण कूपरस्टाउनमध्ये आहेत.

मग १७.५ टक्केच का?

याचं उत्तर ‘विजय’ या शब्दात आहे, आणि क्रिकेटवर वाढलेल्या वाचकाला ते चटकन कळणार नाही. बेसबॉलमध्ये सामना संघ जिंकतो, पण विजय एका पिचरच्या नावावर लिहितात आणि पराभव समोरच्या एकाच्या. सुरुवात करणाऱ्या पिचरने सामन्यातल्या नऊपैकी किमान पाच इनिंग (डाव) टाकाव्यात, तो बाहेर जाताना त्याचा संघ पुढे असावा आणि ती आघाडी पुढे कधीच जाऊ नये, तरच विजय त्याचा. म्हणजे नऊ इनिंगमध्ये एकच धाव दिली आणि आपल्या बॅटरनी एकही काढली नाही, तर पराभव त्याच्या खात्यात. उलट पाच धावा देऊनही संघाने आठ काढल्या तर विजय त्याचा. आपल्याकडे एखाद्या गोलंदाजाच्या नावापुढे बळी आणि सरासरी न लिहिता ‘त्याने इतके कसोटी सामने जिंकले’ असं लिहिलं तर जे होईल, तेच. तरीही शंभर वर्षं पिचरची पहिली ओळख हीच राहिली. ३०० विजय झाले की कूपरस्टाउनचं तिकीट पक्कं, वर्षाला २० झाले की मोठा पिचर, असे अलिखित दंडक पडले.

ब्लायलेवन ३०० ला १३ कमी पडला. २० विजयांचा हंगाम एकच, १९७३. त्या वर्षी त्याने ३२५ इनिंग टाकल्या, नऊ शटआउट केले आणि ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे स्वतःच्या जबाबदारीवर दिलेल्या धावांची सरासरी, २.५२ राखली. नोंद झाली २० विजय, १७ पराभव. ट्विन्सचा त्या हंगामातला हिशेब ८१-८१. हंगामातल्या सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार गेला बाल्टिमोरच्या जिम पामरकडे, २२-९. १९७१ ते १९७६ या सहा हंगामांत ब्लायलेवनचा ईआरए एकदाही तीनच्या वर गेला नाही, तरी सहा वर्षांची बेरीज ९८ विजय आणि ९२ पराभव. एखाद्या शेतकऱ्याने दरवर्षी चांगलं पीक काढावं आणि बाजारभावाने त्याची अब्रू घालवावी, तशी ही गत.

१९९८ साली, ज्या यादीत ब्लायलेवन पहिल्यांदा आला, त्याच यादीतून डॉन सटन आत गेला. सटनचे ३२४ विजय, ३.२६ ईआरए, ३,५७४ स्ट्राइकआउट, ५८ शटआउट. ब्लायलेवनचा ईआरए ३.३१, बाकी दोन्ही आकडे सटनपेक्षा जास्त. मैदान आणि काळ यांचा हिशेब धरून ईआरए तोलण्याची एक रीत आहे, तिच्यात सरासरी पिचर १०० वर असतो. सटन तिथे १०८, ब्लायलेवन ११८. पण सटनची उमेदीची वर्षं चांगल्या डॉजर्स संघांत गेली आणि त्याला ३०० चा उंबरठा ओलांडता आला. एकाला ८१.६ टक्के, दुसऱ्याला १७.५. हे दोघे एकाच मतपत्रिकेवर शेजारी असताना हा फरक पडला, हे मला आजही अवघड जातं.

विरोधकांची बाजू मात्र हलकी समजू नये. त्यांचं म्हणणं केवळ विजयांपुरतं नव्हतं. ब्लायलेवन २२ हंगामांत दोनदाच ऑल-स्टार, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या संघात, झाला, साय यंग एकदाही मिळाला नाही. समकालीन लोक, जे रोज पाहत होते, त्यांना तो आपल्या काळातला सर्वोत्तम वाटला नाही, तर वीस वर्षांनी कागद पाहून आपण त्याला मोठा का म्हणायचं? ‘हॉल ऑफ फेम’ म्हणजे कीर्तीचं दालन, आकड्यांचं गोदाम नव्हे. शिवाय १९८६ साली त्याने एका हंगामात ५० होम रन दिले, हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. १९८० साली पिट्सबर्गमध्ये, व्यवस्थापक चक टॅनर आपल्याला लवकर मैदानाबाहेर काढतो म्हणून चिडून, तो संघ सोडून घरी निघून गेला. (तक्रार अगदीच निराधार नव्हती. आदल्या वर्षी त्याने सुरू केलेल्या ३७ सामन्यांपैकी २० मध्ये ना विजय ना पराभव अशी नोंद झाली होती. पण घरी जाणं ते घरी जाणंच.) आणि ड्रेसिंग रूममध्ये सहकाऱ्यांच्या बुटांच्या नाड्या पेटवून देणारा हा विनोदवीर कांस्यफलकावर शोभेल असं गंभीर मतदारांना वाटलं नसेल, तर तेही समजू शकतं.

पण ‘समकालीनांना तो मोठा वाटला नाही’ हा युक्तिवाद गोल फिरतो. समकालीनांना तो मोठा वाटला नाही, कारण ते विजय मोजत होते. ऑल-स्टार आणि साय यंग हे स्वतंत्र साक्षीदार नव्हते. एकाच साक्षीदाराने तीनदा दिलेली ती साक्ष होती.

ही गोष्ट जोरात मांडली ती मतदार नसलेल्या माणसाने. रिच लेडरर हा कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा गुंतवणूक व्यवस्थापक, वडील एकेकाळचे बेसबॉल पत्रकार. डिसेंबर २००३ पासून त्याने दर हिवाळ्यात ब्लायलेवनची बाजू मांडणारे लेख इंटरनेटवर लिहायला सुरुवात केली. मतदारांना गाठून त्यांच्या एकेका आक्षेपाला उत्तर देणं, ब्लायलेवनशेजारी आधीच आत असलेल्या पिचरांची नावं मांडणं, मोठ्या बॉलपार्कांचा आणि दुबळ्या संघांचा हिशेब दाखवणं, असा हा चिकाटीचा उद्योग होता. १-० असे जिंकलेले सामने ब्लायलेवनचे १५. त्याच्या पुढे फक्त वॉल्टर जॉन्सन आणि ग्रोव्हर क्लीव्हलँड अलेक्झांडर, दोघेही विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे. २५० सामने हरणारा माणूस जिंकायचं कसं हे जाणत नव्हता, असं म्हणणाऱ्याला ही यादी दाखवल्यावर फारसं बोलायला उरत नसे. प्ले-ऑफमधली नोंदही ठसठशीत होती: पाच विजय, एक पराभव, ईआरए २.४७, आणि १९७९ व १९८७ अशा दोन वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिका, जिंकलेल्या.

टक्के असे चढले: २००३ साली २९.२, २००४ साली ३५.४, मग ४०.९, मग ५३.३. २००७ मध्ये कॅल रिपकेन आणि टोनी ग्विन आले तेव्हा ४७.७ वर घसरण. रिपकेनला मत दिल्याने ब्लायलेवनचं मत कमी होण्याचं काही कारण नाही, दहा जागा असतात. पण मोठ्या नावांच्या सावलीत बाकीची नावं कोमेजतात, हे या मतदानात नेहमी दिसतं. २००८ साली ६१.९, २००९ साली ६२.७. २०१० साली ५३९ मतपत्रिकांपैकी ४०० वर त्याचं नाव होतं. पाच मतं कमी पडली.

सगळं श्रेय लेडररला देऊन टाकणं सोपं आहे आणि अर्धवट आहे. मतदारच हळूहळू बदलत होते. त्याचा पुरावा नोव्हेंबर २०१० मध्ये आला. अमेरिकन लीगचा साय यंग पुरस्कार सिएटलच्या फेलिक्स हर्नांडेझला मिळाला. त्याचा ईआरए होता २.२७ आणि विजय-पराभव १३-१२. त्याचा संघ त्या वर्षी १०१ सामने हरला. न्यूयॉर्क यांकीजच्या सीसी सबाथियाचे २१ विजय होते, तरी मतं हर्नांडेझकडे गेली. पुरस्कार देणारी संघटना तीच, बेसबॉल लेखकांची. १९७३ साली २०-१७ वाल्याकडे न पाहणारी संघटना आता १३-१२ वाल्याला पहिला क्रमांक देत होती. जेमतेम दोन महिन्यांनी, ५ जानेवारी २०११ रोजी, हॉलचा निकाल लागला: ५८१ पैकी ४६३. ब्लायलेवनचं हे चौदावं वर्ष. जुलैमध्ये रॉबर्टो अलोमारबरोबर त्याचा फलक लागला. नेदरलँड्समध्ये जन्मलेला कूपरस्टाउनमधला तो पहिला खेळाडू.

प्रकरण इथे मिटायला हवं होतं. पण त्याच मतपत्रिकेवर बारा वर्षं त्याच्या शेजारी जॅक मॉरिस हा पिचर होता, आणि मॉरिसशिवाय ही गोष्ट खोटी वाटेल इतकी सरळ होते.

मॉरिस मिनेसोटातल्या सेंट पॉलचा. डेट्रॉइट टायगर्समध्ये त्याची बरीचशी कारकीर्द गेली. २५४ विजय, १८६ पराभव, ईआरए ३.९०. १९८० च्या दशकात सर्वाधिक विजय त्याचेच, १६२. त्याचे चाहते म्हणायचे की ईआरएवर जाऊ नका, संघ पुढे असला की तो बिनधास्त धावा देतो, सामना चुरशीचा असला की मग त्याला पाहा. बेसबॉलच्या बोलीत याला धावफलक पाहून पिचिंग करणं म्हणतात. २००३ साली जो शीहान या विश्लेषकाने मॉरिसचे सामने एकेक करून तपासले आणि असं काही घडत असल्याची खूण त्याला सापडली नाही. १९९२ साली टोरंटोकडून मॉरिसचे २१ विजय आणि ६ पराभव झाले, ईआरए ४.०४ असताना. धावा टोरंटोचे बॅटर काढत होते. त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्याने दोन सामने हरले, ईआरए ८.४४. टोरंटो तरीही जिंकलं आणि ते आकडे विस्मरणात गेले.

विस्मरणात न जाणारी रात्र आधीच्या वर्षीची. २७ ऑक्टोबर १९९१, मिनियापोलिस, वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना, समोर अटलांटा ब्रेव्हज. तेव्हा ट्विन्सकडून खेळणारा छत्तीस वर्षांचा मॉरिस नऊ इनिंग शून्यावर टाकून बसला होता. व्यवस्थापक टॉम केली त्याला थांबवायच्या विचारात होता, मॉरिसने ऐकलं नाही. दहावीही त्यानेच टाकली. त्याच इनिंगच्या दुसऱ्या अर्ध्या भागात ट्विन्सच्या जीन लार्किनने चेंडू आउटफिल्डरांच्या डोक्यावरून मारला, डॅन ग्लॅडन धावत आला आणि सामना १-० ने संपला. मी त्या सामन्याचं चित्रण कितीतरी वेळा पाहिलं आहे, आणि दर वेळी मॉरिसविरुद्धचे माझे सगळे आकडे तेवढ्यापुरते फिके पडतात.

पण आठव्या इनिंगमध्ये काय झालं तेही पाहा. अटलांटाचा लॉनी स्मिथ पहिल्या बेसवर होता. टेरी पेंडल्टनने दूरवर फटका मारला. स्मिथ नुसता मान खाली घालून पळाला असता तर धाव होती. पण ट्विन्सच्या चक नॉब्लॉकने चेंडू आपल्याकडे येतोय असं खोटं नाटक केलं, स्मिथ बिचकला, थांबला आणि तिसऱ्या बेसपर्यंतच पोचला. नंतर डबल प्लेने, म्हणजे एकाच फटक्यावर दोघे बाद होऊन, मॉरिस सुटला. स्मिथ न बिचकता तर मॉरिस बहुधा ०-१ ने हरलेला पिचर ठरला असता. चेंडू तेच, निश्चय तोच, फक्त गोष्ट उरली नसती. म्हणजे ज्या सामन्यावर मॉरिसची सगळी बाजू उभी होती, तोही ‘विजय’ या शब्दाइतकाच दुसऱ्यांच्या हातात होता.

ब्लायलेवनचे पाठीराखे आणि मॉरिसचे पाठीराखे यांच्यात काही वर्षं अक्षरशः धर्मयुद्ध चाललं. एका बाजूला सेबरमेट्रिक्स, म्हणजे बेसबॉलचं आकडेशास्त्र, दुसऱ्या बाजूला ‘आम्ही डोळ्यांनी पाहिलंय’. सहज मिळू शकणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा किती विजय जास्त मिळवून दिले, हे मोजणाऱ्या ‘वॉर’ या मापावर ब्लायलेवन नव्वदीच्या पुढे आहे, मॉरिस त्याच्या निम्म्याच्या आसपास. तरी मॉरिस २०१३ साली ६७.७ टक्क्यांपर्यंत चढला. २०१४ हे त्याचं पंधरावं आणि शेवटचं वर्ष, ६१.५ टक्के. पत्रकारांचा दरवाजा बंद झाला.

मग मागचा उघडला. पत्रकारांच्या यादीतून सुटलेल्या खेळाडूंसाठी हॉलच्या वेगळ्या समित्या असतात. सोळा माणसं, बारा मतं लागतात. डिसेंबर २०१७ मध्ये ‘आधुनिक काळ’ समितीने मॉरिसला १४ आणि त्याचा डेट्रॉइटचा सहकारी ॲलन ट्रॅमलला १३ मतं दिली. कूपरस्टाउनमधल्या पिचरांत मॉरिसचा ईआरए सर्वांत चढा ठरला, रेड रफिंगच्या ३.८० च्याही वर.

माझं मत विचाराल तर ब्लायलेवन पहिल्या तीन वर्षांतच आत जायला हवा होता आणि मॉरिस बाहेर राहिला असता तर अन्याय झाला नसता. त्याच डेट्रॉइट संघाचा लू व्हिटेकर, मॉरिसमागे वर्षानुवर्षं दुसऱ्या बेसवर उभा राहून चेंडू अडवणारा, २००१ साली २.९ टक्क्यांवर पहिल्याच फेरीत यादीबाहेर फेकला गेला आणि अजून आत नाही, याचं मला मॉरिस आत असण्यापेक्षा जास्त वाईट वाटतं. मॉरिसच्या विजयांतला वाटा व्हिटेकरच्या हातमोज्यातूनही गेला होता. त्याच्या नावापुढे मात्र तो कोणी लिहिला नाही.

उशिरा मिळण्यालाही किंमत असते. शिकागो कब्जचा तिसऱ्या बेसवरचा रॉन सँटो डिसेंबर २०१० मध्ये वारला आणि वर्षभराने, डिसेंबर २०११ मध्ये, समितीने त्याला निवडलं. फिलाडेल्फियाचा डिक ॲलन दोनदा एका मताने हुकला. २०२० साली तो गेला, निवड झाली २०२४ च्या डिसेंबरात. ब्लायलेवन साठाव्या वर्षी स्वतःच्या पायांनी मंचावर चढला, या हिशेबाने तो नशीबवान.

२०१४ च्या जुलैमध्ये हॉलने नियम बदलला. खेळाडूचं नाव आता पंधरा नव्हे, दहाच वर्षं यादीत राहतं. ब्लायलेवनचं दहावं वर्ष होतं २००७, त्या वर्षी ४७.७ टक्के. आजच्या नियमात त्याचं नाव तिथेच पुसलं गेलं असतं.

२०२५ साली सीसी सबाथिया पहिल्याच फेरीत आत गेला. त्याच यादीत फेलिक्स हर्नांडेझही पहिल्यांदा होता, १६९ विजय आणि १३६ पराभव घेऊन. त्याला पडली २०.६ टक्के मतं, म्हणजे ब्लायलेवनच्या पहिल्या वर्षापेक्षा तीन टक्के जास्त. त्याच्याकडे २०३४ पर्यंत वेळ आहे.